ओठ जुळवा, मेजर

आमच्या गल्लीत हिमालय उभा राहिला तेव्हा त्याला मुंगळे लागले होते. चूक हिमालयाची नव्हती. शाहूपुरीत आमचं गुळाचं दुकान. डोंगर रचायला मंडळाच्या पोरांनी आमच्याच गोदामातली रिकामी पोती नेली, त्यांना चुना फासला, वर कापूस चिकटवला आणि निळा दिवा सोडला. रस्त्यावरनं बघणाऱ्याला बर्फ दिसायचा. जवळ गेलं की गुळाचा वास. मुंगळे काही रस्त्यावरनं बघून परत जाणारे नव्हेत.

कारगिलची लढाई झाली, त्या वर्षीचे ते गणपती. कोल्हापुरात गणपतीला जिवंत देखावे असतात. म्हणजे पुतळे नाहीत, हाडामासाची माणसं. पडदा वर जातो, माणसं हालचाली करतात, पण बोलत कोणी नाही. बोलणं, संगीत, गोळ्यांचे आवाज सगळं आधीच कॅसेटवर भरून ठेवलेलं. माणसांनी फक्त कॅसेटबरोबर ओठ हलवायचे. आठ-दहा मिनिटांत पडदा पडतो, पुढची गर्दी आत सरकते, कॅसेट मागं फिरवतात, पुन्हा तेच. संध्याकाळी सातपासून एकच जवान दहा-बारा वेळा मरतो.

त्या वर्षी निम्म्या कोल्हापुरात जवानच मरत होते. त्यामुळं आपला जवान इतरांपेक्षा चांगला मेला पाहिजे, ही जबाबदारी एका बाईनं आपण होऊन डोक्यावर घेतली. तिची ओळख करून देते. वय पन्नास, पदर कमरेला खोचलेला, आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री. शाळेत असताना तिला वक्तृत्वाचं एक बक्षीस मिळालं होतं. त्याला पस्तीस वर्षं झाली होती, पण ते तिच्या डोक्यातनं उतरलं नव्हतं. देखाव्यातले संवाद तिनंच लिहिले, निवेदनही तिचंच. शेवटचं वाक्य असं होतं: ‘येणाऱ्या पिढ्या आम्हाला विचारतील, तेव्हा तुम्ही काय करत होता?’ हे वाक्य तिनं इतक्या खालच्या पट्टीत म्हटलं होतं, की रेकॉर्डिंग करणारा पावणा म्हणाला, “अक्का, जरा वर या, मशिनीला ऐकू येईना.”

माझं माहेर कर्नाटकच्या सीमेकडचं, म्हणून गल्ली मला अक्का म्हणते. ती बाई मीच. पण आता पंचाहत्तरी उलटल्यावर तिला ‘मी’ म्हणायला जीभ रेटत नाही. जमेल तितकं ‘ती’ म्हणते.

आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं, एक एस.टी.डी. बूथ होता. तो चालवणारा माणूस मूळचा शाहूवाडीकडचा, भातशेतीवाल्या घरातला. फौजेत लान्स नाईक होता. पण आमच्याकडं सैन्यातनं आलेला प्रत्येक जण मेजर, तसा तोही मेजर. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. पाय गेला श्रीलंकेत. तिथलं भांडण मिटवायला म्हणून आपली फौज गेली होती, आणि मिटवता मिटवता स्वतःच लढायला लागली होती. जाताना जवानांना हार पडले. परत आले तोवर पेपरात चर्चा सुरू झाली होती, की मुळात जायलाच नको होतं. मेजर नेमका ह्या दुसऱ्या हवेत घरी आला. त्याच्यासाठी ताशा वाजला नाही, गुलाल उडाला नाही. पुढं त्याला बूथ मिळाला. बूथमध्ये तो आणि त्याचा नकली पाय बसायला लागले आणि विषय संपला.

संपला म्हणजे संपवला. तो आल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आमच्या गच्चीवर हळदीकुंकू होतं. बायकांत विषय निघाला, की मेजरचं वाईट झालं. तर ती बाई वाण वाटता वाटता म्हणाली, “शेजारच्या घरातलं भांडण सोडवायला गेलं, की दोन्हीकडनं लाटणं बसतं. कुणी सांगितलं होतं जायला?” बायका हसल्या. ती खूश झाली. मग तिच्या लक्षात आलं की रांगेत पुढची ओटी मेजरच्या बायकोची आहे. बायकोनं ओटी भरून घेतली, तिळगूळ तोंडात टाकला, गोड बोलते म्हणाली आणि जिना उतरून गेली. पुढची नऊ वर्षं ती खरोखरच माझ्याशी गोड बोलली. त्याइतकी शिक्षा मला कुणी दिलेली नाही.

आता परत कारगिलच्या वर्षाकडं. पाय गेलेला जखमी जवान कोण होणार यावर मंडळाच्या बैठकीत वाद चालला होता. एक पोरगा म्हणाला, पाय दुमडून बांधू आणि वरनं पट्टी गुंडाळू. तेव्हा ती बाई म्हणाली, “दुमडायला कशाला पाहिजे? आपल्याकडं खरा हाय की.”

सगळ्यांना ते फारच थोर सुचलं असं वाटलं. ती तशीच उठून बूथवर गेली. मेजर काचेआड कुणाचा तरी फोन लावून देत होता. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं विषय काढला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“अक्का,” तो म्हणाला, “माझा पाय तितं न्हाय गेला.”

“ठाऊक आहे हो.”

“मी बरफ बघितलेला न्हाय. तितं नारळाची झाडं हुती.”

आणि इथं मात्र ‘ती’ म्हणून सुटता येत नाही. हे मी म्हटलं. माझ्या तोंडानं, शुद्धीवर असताना. “कुठं का जाईना मेजर, गेलाय ना? लांबनं कुणाला काय कळतंय?”

तो थोडा वेळ फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “मग माझ्या लढाईचा देखावा कदी करायचा?”

मी हसले. “त्याला बघायला कोण येणार?”

तो पण हसला. आला मात्र. का आला, हे तेव्हा मी स्वतःच्या बोलण्याची करामत समजले. खरं कारण त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. नऊ वर्षांत त्याला कुणी कुठल्या कार्यक्रमाला बोलावलेलं नव्हतं. त्यानं ट्रंकेतनं जुनी वर्दी काढली आणि दोन वेळा इस्त्री केली.

देखावा चालला. काय चालला म्हणून सांगू. मेजर पोत्यांच्या डोंगरावर आडवा, पायाच्या थोटकावर पट्टी, पट्टीवर लाल रंग. नकली पाय बूटमोज्यासकट पडद्यामागं खुर्चीवर, प्रसादाच्या ताटाशेजारी ठेवलेला असायचा. पडदा वर गेला की गर्दीतनं हुंदके यायचे. कोडोलीहून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. त्यांतली एक म्हातारी त्याच्या पट्टीवरनं हात फिरवून गेली. मुंगळे त्याला पाठीला चावायचे. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “अक्का, ह्या हिमालयात लई मुंगळं हाईत.” ती म्हणाली, “आठ मिनिटं सोसा, देशासाठी.” चावणारे मुंगळे आमच्या दुकानाचे, सोसणारा तो, आणि देशाचं नाव घेणारी ती. अशी वाटणी होती.

तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की मेजरचे ओठ कॅसेटशी जुळत नाहीत. जवानाचे संवाद दुसऱ्याच एका भारदस्त आवाजाच्या पोरानं भरले होते. ‘आई, तुझा लेक मागं हटला नाही,’ असे मोठेमोठे. मेजरनं पहिले दोन दिवस ते बरोबर म्हटले. तिसऱ्या दिवशी वर आवाज ‘आई’ म्हणत असताना त्याचे ओठ भलतंच काहीतरी करत होते. आवाज थांबला तरी ओठ थांबत नव्हते. प्रेक्षकांना काही कळत नव्हतं, त्यांचं लक्ष पायाकडं होतं. पण ती बाजूला उभी होती, आणि स्वतः लिहिलेलं प्रत्येक अक्षर तिला पाठ होतं.

पडदा पडल्यावर ती त्याच्याकडं गेली. “मेजर, ओठ चुकताहेत तुमचे. पाठ करा की जरा. ओठ जुळवा.”

तो कोपरावर उठून बसला होता. “व्हय अक्का,” म्हणाला.

पुढच्या खेळाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. तिनं रोज सांगितलं, तो रोज व्हय म्हणाला. शेवटी तिनं निळा दिवा त्याच्या तोंडावरनं काढून पायावर मारायला लावला, म्हणजे चूक दिसू नये. माणूस काय बोलतोय हे विचारण्याऐवजी मी दिवा हलवला.

आमच्या देखाव्याला पहिला नंबर मिळाला. ढाल घ्यायला स्टेजवर मी गेले. मेजर खाली खुर्चीत होता, त्याला चढायला पायऱ्या उंच होत्या असं आम्ही ठरवलं. पोरांना वाटलं त्याचंही काहीतरी केलं पाहिजे, म्हणून त्यांनी बूथवर नवी पाटी रंगवून दिली, ‘कारगिल टेलिफोन’. मेजर पाटीकडं बघत राहिला. पोरं एवढ्या प्रेमानं शिडी धरून उभी होती, की त्याला नको म्हणता आलं नाही. तेव्हापासून अनोळखी गिऱ्हाइकं त्याला बर्फाबद्दल विचारायची आणि तो म्हणायचा, “लई थंडी.”

दहा वर्षं गेली. मोबाईल आले, फोनचा धंदा बसला. मेजरनं बूथमध्ये झेरॉक्सचं मशीन ठेवलं, रिचार्ज विकायला लागला. पाटी तशीच. माझी नात पाचवीत गेली. ती जन्मली कारगिलच्या वर्षी, त्यामुळं ती लढाई आपल्याच मालकीची आहे असं तिला वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीत शाळेनं प्रकल्प दिला: घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसांना त्यांच्या काळातली एक घटना विचारून लिहा. मी लगेच म्हटलं, आमचा देखावा लिही. मंडळानं त्याचं शूटिंग केलेलं होतं, पुढं कुणीतरी त्याची सीडी काढून दिली होती. मी ती कपाटातनं शोधली आणि पोरीला शेजारी बसवलं. माझा आवाज ऐकवायचा होता तिला, दुसरं काय.

पोरगी भडंग खात बघत होती. निवेदन सुरू झालं. ‘येणाऱ्या पिढ्या आम्हाला विचारतील...’ मी मान डोलावली. येणारी पिढी शेंगदाणे तेवढे वेचून खात होती. मग जवान आला आणि तिचा हात थांबला.

“आज्जी, हे समोरचे मेजर आजोबा?”

“व्हय. किती छान वाटतात नाही?”

तिनं सीडी मागं घेतली. पुन्हा बघितलं. “ते वेगळंच काहीतरी बोलतायत.”

“ओठ चुकायचे त्यांचे. मी किती वेळा सांगितलं.”

“चुकत नाहीयेत. दर वेळी तेच बोलतायत.” शूटिंगवाल्यानं तीन खेळ घेतले होते, दिवा हलवायच्या आधीचे. तिनं तिन्ही लावून दाखवले. खरंच, तेच. एका खेळात ज्या क्षणी ओठ मिटत होते त्याच क्षणी बाकी दोन्हींतही मिटत होते, ज्या क्षणी उघडत होते त्याच क्षणी उघडत होते. “काय म्हणत होते ते?”

“मला नाही माहीत.”

“तू विचारलं नाहीस?”

मी भडंगाचा डबा उचलून आत नेला. स्वयंपाकघरात उगाच दोन भांडी इकडची तिकडं केली. बाहेर आले तर पोरगी घरात नव्हती. गॅलरीतनं बघितलं तर ती रस्ता ओलांडून बूथवर पोचलेली. थोड्या वेळानं दोघं रस्ता ओलांडताना दिसले. तिनं त्याचा हात धरला होता आणि त्याच्या चालीनं चालत होती. एकोणीस वर्षं समोर राहून मेजर आमच्या घरात पहिल्यांदा येत होता. हळदीकुंकवाला पुरुष येत नाहीत आणि दुसरं निमित्त मी कधी काढलं नव्हतं.

तो टीव्हीसमोर बसला. स्वतःला बघून म्हणाला, “आयला, केस हुतं की मला.”

“मेजर आजोबा, मी आवाज बंद करते,” नात म्हणाली. “तुम्ही बोला.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. आवाज बंद झाला. पडद्यावर गुळाच्या पोत्यांवर पडलेला माणूस ओठ हलवायला लागला आणि सोफ्यावर बसलेला माणूस त्याच्याबरोबर. आधी मागं राहिला. “जरा म्हागं घे गं,” म्हणाला. दुसऱ्यांदा जमलं.

“अम्मा, दार उघड. मी हाय. पाणी पिऊन जायाचो त्यो. लाथ मारणार न्हाय. अम्मा, दार उघड.”

एवढंच. पुन्हा पुन्हा, पडदा पडेपर्यंत.

“कोण अम्मा?” नातीनं विचारलं.

मेजर टीव्हीकडंच बघत होता. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मग मी म्हटलं, एकोणीस वर्षं उशिरा, “सांगा मेजर. मला पण ठाऊक नाही.”

त्यानं सांगितलं. त्यांच्या चौकीशेजारी एका म्हातारीचं घर होतं. फौज गेली तेव्हा सुरुवातीला ती ह्यांना पाणी द्यायची, वर ताडाच्या गुळाचा खडा. “तुमच्या दुकानात असतोय तसाच अक्का, पर काळाकुट्ट.” तिची भाषा ह्याला येत नव्हती, ह्याची तिला नाही. हा अम्मा म्हणायचा, ती हसायची. मग लढाई जुंपली. घरं तपासायचा हुकूम आला. तिनं दार उघडलं नाही. “मी हाका मारल्या, पर मराठीत. तिला काय कळणार? वरनं घाई. मी लाथ घातली. ती दारामागंच हुती. पडली. हात मोडला असंल. तिच्या जावयाला आमी धरून न्हेलं. त्यानं काय केलं हुतं का न्हाय, मला आजबी ठाऊक न्हाय. परत आला का, त्ये बी न्हाय.”

पुढं महिन्याभरात त्याच घरासमोर रस्त्यात सुरुंग फुटला आणि ह्याचा पाय गेला.

“ज्या पायानं लाथ मारली तोच?” नातीनं विचारलं.

मेजर हसला. “न्हाय बाळ. लाथ डाव्यानं मारली, गेला उजवा. देवाचा बी नेम चुकतोय.” मग हसू ओसरलं. “म्या पडलो तवा ती दारात हुती. नुसती बघत. पाणी आणलं न्हाय. मी मागितलं बी न्हाय. मागायला त्वांड न्हवतं.”

मी विचारलं, “आम्हाला का नाही सांगितलंत?”

“कुणाला सांगायचं? आलो तवा तुमी म्हणाला, कुणी सांगितलं हुतं जायला. बायकूनं सांगितलं मला. मग नऊ वरसांनी तुमी मला हिरो केलंसा. दोन्ही येळंला बोलायला जागा न्हवती. त्या पोत्यांवर मातूर बरं हुतं. वर एवढा आवाज, की मोठ्यानं बोललं तरी कुणाला ऐकू जात न्हवतं. रोज धा बारा येळा सांगून घ्यायचो. तुमी ओठ जुळवा म्हणायचा तवा मला वाटायचं, आता इचारतील. आता इचारतील काय म्हंतोस म्हणून.”

मुंगळे त्याला चावत होते तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. आता माझ्या पाठीवर काहीतरी चालत असल्यासारखं वाटत होतं आणि हात तिथवर पोचत नव्हता.

नात वही मांडीवर घेऊन बसली होती. “मग चूक कुणाची? तुमची की सरकारची की त्या लोकांची?”

“मला ठरवता येईना बाळ. लई येळ झाला ठरीवतोय. तू मोठी झालीस की सांग.”

“मी काय सांगणार? मी तिथं नव्हते.”

“म्हणून तर.”

तो चहा घेऊन गेला. जाताना मी म्हटलं, पाटी बदलून घेऊ, खर्च मंडळ करेल. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे अक्का. शिडी धरणारी पोरं आता लग्न होऊन बाप झाल्यात. त्यास्नी कशाला वाईट वाटायचं.”

संध्याकाळी नातीनं प्रकल्प वाचून दाखवला. देखावा, गोणपाटांचा डोंगर, मेजर, अम्मा, दार, सगळं सरळ लिहिलं होतं. माझा आवाज, निवेदन, ढाल यांना तिनं एक ओळ दिली होती. मग वाचलं: ‘मेजर आजोबांचा पाय श्रीलंकेत गेला होता. पण माझ्या आज्जीला ते माहीत नव्हतं, म्हणून तिनं त्यांना कारगिलचा जवान केलं.’

“हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मीच लिहिलं.” ती वहीकडं बघत होती. “नाहीतर बाई म्हणतील तुझी आज्जी अशी कशी.”

दहा वर्षांची पोर, आणि माझ्यासाठी खोटं लिहून बसली होती. मला मोह झाला. चांगलं सुटसुटीत वाक्य होतं, शाळेत कुणाला काय कळणार होतं. लांबनं कुणाला काय कळतंय.

हे मी मनात म्हटलं आणि ते वाक्य कुणाचं आहे ते मला ऐकू आलं.

“खोड ते,” मी म्हटलं.

“पूर्ण?”

“‘माहीत नव्हतं’ खोड. माहीत होतं लिही.”

“मग पुढचं ‘म्हणून’ कसं बसणार?”

“नाही बसणार. तेही काढ.”

तिनं रबर शोधलं, पण पेननं लिहिलेलं होतं. मग पट्टी लावून रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं. खालचं वाचता येत होतंच.